एकच स्वर वाजवणारा सिंथ घे, डावा हात मोकळा ठेव

दुकानदार गळ्यात मारतोय तो ६१ पट्ट्यांचा अरेंजर कीबोर्ड घेऊ नकोस. वाद्य वाईट नाही, लग्नसराईत मी स्वतः तेच वाजवतो. पण तू जे शोधते आहेस ते त्यात सापडणार नाही.

तुझा प्रश्न थोडक्यात असा. हार्मोनियमची मध्यमा झाली आहे, चरणजित सिंग यांची १९८२ ची रागांची रेकॉर्ड कानावर पडली आणि सिंथचं, म्हणजे सिंथेसायझरचं, खूळ डोक्यात शिरलं. हाताशी तीस-पस्तीस हजार आहेत. घरचे म्हणतात, घ्यायचाच तर सगळे टोन असलेला घे, म्हणजे मंडळाच्या भजनालाही चालेल. आणि आतून एक शंका की या यंत्रावर राग खरोखर वाजतो का, की नुसती करमणूक.

आधी अरेंजरचं बोलून टाकतो. त्यात शेकडो वाद्यांचे आवाज रेकॉर्ड करून भरलेले असतात, सोबत तालाच्या स्टाइल्स. डाव्या हातानं कॉर्ड धरली की सगळा ताफा त्या कॉर्डवर चालतो. आपल्या भागात कोणाच्या हळदीला वाजवायचं असेल, गायकानं ऐनवेळी पट्टी बदलली, लगेच सनईचा टोन हवा झाला, शेजारी ऑक्टापॅडवाला ढोलकी सोडतोय, तर त्या जागी अरेंजरला तोड नाही. पण त्यातला आवाज कोणीतरी आधीच घडवून ठेवलेला असतो. आपण फक्त बटण निवडायचं. आणि तुझ्या बाबतीत मोठी अडचण म्हणजे तो तुझा डावा हात कॉर्डमध्ये अडकवतो. हार्मोनियमवाल्याचा डावा हात हीच त्याची खरी पुंजी असते, त्याबद्दल पुढे लिहितो.

सिंथमध्ये आवाज शून्यापासून घडवावा लागतो. ऑसिलेटर एक कच्ची लहर देतो. करवतीसारख्या दात्यांची सॉ लहर घेतली तर तिच्यात मूळ स्वराचे सगळे उपस्वर असतात: दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे. चौकोनी लहर घेतली तर फक्त विषम, म्हणजे तिप्पट, पाचपट, सातपट. त्यामुळे आवाज पोकळ, बासरी-क्लॅरिनेटच्या बाजूला झुकणारा. मग फिल्टर त्यातले वरचे उपस्वर कापतो. कटऑफचा नॉब फिरवला की आवाज झाकला जातो किंवा उघडतो. रेझोनन्स वाढवला की कापण्याच्या जागेवरचा उपस्वर टोकदार होऊन पुढे येतो. एन्व्हलप ठरवतो की पट्टी दाबल्यावर आवाज किती वेळात चढेल, कुठे स्थिरावेल आणि पट्टी सोडल्यावर किती वेळ रेंगाळेल. एलएफओ म्हणजे इतकी संथ लहर की ती ऐकू येत नाही, पण दुसऱ्या कशाला तरी हलवते: स्वराला हलवलं तर आंदोलन, फिल्टरला हलवलं तर वॉव-वॉव. एवढंच सामान. रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून जे बांधायला घेतलं त्याचा गाभा आजही हाच आहे.

आता मुद्द्याचं. मूग यांच्या कंपनीचा १९७० चा मिनिमूग एका वेळी एकच स्वर वाजवायचा. दोन पट्ट्या दाबल्या तरी आवाज एकच. पाश्चात्त्य वादकांना ही त्रुटी वाटली, कारण त्यांचं संगीत कॉर्डवर उभं आहे. म्हणून १९७८ मध्ये प्रॉफेट-५ आला, पाच स्वर एकत्र वाजवणारा, आणि पुढे हे आकडे वाढतच गेले. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ मध्ये ते १६ झाले. पण त्याच डीएक्स-७ ला नॉबच नव्हते, सगळं बटणांतून आणि छोट्याशा पडद्यावरून. त्यामुळे बहुतेकांनी स्वतःचा आवाज करायचा नाद सोडला आणि कारखान्यातून आलेले टोन वाजवले. आपल्याकडची ‘टोन किती आहेत?’ ही दुकानातली पहिली चौकशी त्याच वळणावरून आली, असं माझं मत आहे.

आपलं संगीत मात्र कॉर्डवर उभं नाही. खाली तंबोरा आणि वर एक स्वरांची ओळ. आलापीत दोन स्वर एकत्र कधी लागतात? म्हणजे ज्या गोष्टीला तिकडे उणीव म्हटलं गेलं, ती आपल्याकडे अडचणच नाही. उलट एकस्वरी सिंथमध्ये, ज्याला मोनो म्हणतात, एक सोय अशी असते की पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली तर आवाज नव्यानं सुरू होत नाही, पहिल्यातून दुसऱ्यात जातो. त्याला लेगाटो म्हणतात. गळ्याचं वळण जवळपास तसंच असतं. चरणजित सिंग यांच्याकडे रोलंडचा ज्युपिटर-८ होता, एका वेळी आठ स्वर वाजवणारा. तरी त्या रेकॉर्डवर लक्ष देऊन ऐक: भैरव असो की मालकंस, राग पुढे नेते ती एकच ओळ. खाली टीआर-८०८ या ताल-यंत्राचा डिस्को ठेका आणि टीबी-३०३ या बेस-यंत्राचं फिरतं बेस.

या टीबी-३०३ ची गोष्ट तुझ्या बजेटशी संबंधित आहे, म्हणून सांगतो. रोलंडनं १९८१ मध्ये ते काढलं ते एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून. बेससारखं ते वाजलंच नाही, खपलं नाही, १९८४ मध्ये बंद झालं. मग शिकागोतल्या पोरांना ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं, त्यांनी वाजता वाजता फिल्टरचे नॉब पिळले आणि १९८७ मध्ये फ्यूचर या त्रिकुटाच्या रेकॉर्डमधून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्माला आला. चरणजित सिंग यांनी त्याआधी पाच वर्षं मुंबईत तेच यंत्र वापरलं होतं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड (एक इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन) वाजवणारा हा माणूस. रेकॉर्ड तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत तिची प्रत मिळाली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर बोलबाला झाला. शिकागोच्या आधी भारतात ॲसिड झालं, अशी छाती फुगवणारी वाक्यं त्यावर बरीच लिहिली गेली. मला त्यात रस नाही. शिकागोच्या पोरांनी ती रेकॉर्ड ऐकलीच नव्हती. दोन ठिकाणी दोन वेगळ्या माणसांनी एका फसलेल्या यंत्रातून आपापलं काढलं, हेच मला जास्त भारी वाटतं.

त्याही आधीचं सांगायचं तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्ये मूगचा सिंथ आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तिथे बसवून दिला, आणि पखवाज शिकलेल्या गीता साराभाईंसारख्या लोकांनी त्यावर काम केलं. त्या टेप्स अनेक वर्षं संग्रहात पडून होत्या, २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. जरूर ऐक. काही तुकडे नुसती खरखर वाटतील, वाटू दे.

आता तुझी शंका: राग वाजतो का? हा प्रश्न तुझ्या हार्मोनियमलाही विचारला गेलेला आहे. ऑल इंडिया रेडिओनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप मुख्यतः दोन होते. एक, मींड निघत नाही. दोन, स्वर सम अंतरावर बांधलेले असल्यामुळे बेसूर. साध्या कीबोर्डला दोन्ही आक्षेप जसेच्या तसे लागू आहेत. सिंथला नाहीत, आणि म्हणून मला हे वाद्य हार्मोनियमच्या माणसानं हाती घ्यावं असं वाटतं.

स्वराचं आधी. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, प्रत्येकी १०० सेंट. शुद्ध गंधार त्यात ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या सा मधून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो आहे ३८६ वर. म्हणजे कीबोर्डचा गंधार १४ सेंट चढा. धैवत ९०० ऐवजी ८८४, निषाद ११०० ऐवजी १०८८. कोमल गंधार उलटा, तो ३०० च्या जागी ३१६ हवा. चौदा सेंट किरकोळ वाटतात, पण तंबोरा लावून बघ. काळी एकचा सा घेतला, साधारण १३८.६ हर्ट्झचा, तर सा चा पाचवा उपस्वर आणि कीबोर्डच्या गंधाराचा चौथा उपस्वर यांची टक्कर होते आणि सेकंदाला सुमारे साडेपाच वेळा थरथर ऐकू येते. यमनमध्ये त्या गंधारावर थांबायचं असतं. थांबशील कशी?

बऱ्याच सिंथमध्ये प्रत्येक पट्टी वेगळी चढवा-उतरवायची सोय असते, तिला मायक्रोट्यूनिंग किंवा स्केल ट्यूनिंग म्हणतात. सा काळी एकवर असेल तर तुझा शुद्ध गंधार पांढरी चारवर येतो, तिथे उणे १४. धैवत काळी पाचवर, उणे १६. निषाद पांढरी एकवर, उणे १२. पट्टी बदलली की हे सगळं सरकवावं लागतं, म्हणून रोजची एक पट्टी ठरवून टाक. आणि हे आकडे म्हणजे वेदवाक्य समजू नकोस. तोडीचा गंधार ३१६ पेक्षाही खालीच हवा, तिथे कानाचं ऐकायचं. दरबारीचा तर एका जागी उभाच राहत नाही.

आता मींड आणि तुझा डावा हात. सिंथमध्ये ग्लाइड नावाचा नॉब असतो, तो लावला की एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं. नवशिके इथेच फसतात. ग्लाइडचा वेग आधी ठरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक मींड एकाच चालीची होते आणि पाच मिनिटांत ऐकणारा कंटाळतो. खरी मींड पिच बेंडच्या चाकावर काढायची. मिनिमूगनं दोन चाकं डावीकडे बसवली, एक स्वर ओढायला, एक थरथर किंवा फिल्टर हलवायला, आणि आजही बहुतेक सिंथवर ती तिथेच असतात. चाकाची मर्यादा सहसा दोन सेमीटोनवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्यांच्या अंतरावर, लावून येते. ती पाचवर कर, म्हणजे सा पासून शुद्ध मध्यमापर्यंत ओढता येईल. बारावर ठेवलीस तर चाक जरा हललं तरी स्वर भलतीकडे जातो. खालची पट्टी दाबून वर ओढायची सवय लाव, सतारीवर तार ओढतात तसंच.

सुरुवातीला हे जमणार नाही असं वाटेल, पण तू इतरांपेक्षा पुढे आहेस. पियानो शिकलेल्या पोरांचे दोन्ही हात पट्ट्यांवर असतात. डाव्या हातानं स्वर सोडून दुसरं काही करायचं म्हटलं की ते गांगरतात. तुझा डावा हात वर्षानुवर्षं भात्यावर आहे. स्वर उजव्यात आणि श्वास डाव्यात, ही विभागणी तुझ्या अंगात मुरलेली आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी दुसऱ्या चाकाला आवाजाची पातळी आणि फिल्टरचा कटऑफ दोन्ही जोडून टाक, म्हणजे चाक वर नेलं की आवाज वाढेल आणि उजळेल. भाता जोरात दाबल्यावर हार्मोनियमच्या रीडचा आवाज मोठाही होतो आणि कडकही, तेच हे.

सिंथ लगेच विकत घेऊ नकोस. आधी महिना-दोन महिने लॅपटॉपवर काढ. सर्ज एक्सटी नावाचा सिंथ पूर्ण फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि त्यात वर सांगितलेलं स्वरांचं गणित स्काला फाइलमधून (स्वरांची अंतरं लिहिलेली छोटी फाइल) भरता येतं. व्हायटल या दुसऱ्या सिंथची फुकट आवृत्ती दिसायला सोपी, लहर डोळ्यांसमोर हलताना दिसते. विंडोजवर पट्टी दाबली आणि आवाज उशिरा आला तर सिंथला शिव्या देऊ नकोस, बफर बघ, म्हणजे लॅपटॉप आवाजाचा केवढा तुकडा साठवून मग पुढे सोडतो ते. १०२४ सॅम्पलवर ठेवला असेल तर तेवढ्यानंच २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, १२८ वर आणला की ३ मिलिसेकंद. सोबत एक साधा मिडी कीबोर्ड घे (त्याला स्वतःचा आवाज नसतो, कुठली पट्टी दाबली एवढंच तो सिंथला कळवतो), २५ किंवा ३७ पट्ट्यांचा, पण त्याला खरी चाकं असली पाहिजेत. काहींना चाकांऐवजी बटणं किंवा टचपट्टी असते, ती तुझ्या कामाची नाही.

सराव असा कर. तयार पॅच, म्हणजे आधीच घडवून ठेवलेला आवाज, एकही उघडायचा नाही. कोरा पॅच घ्यायचा आणि ओळखीचा आवाज घडवायचा. पहिला, तुझी स्वतःची हार्मोनियम: दोन ऑसिलेटर, पल्स लहर, एक दुसऱ्यापेक्षा एक-दोन सेंट सरकवलेला, कारण पेटीतही एका स्वराच्या दोन रीड कधी तंतोतंत जुळत नाहीत. दुसरा, तंबोरा. हा अवघड आहे आणि यात फिल्टर खऱ्या अर्थानं कळतो. घोडीवरच्या जवारीमुळे तार छेडल्यावर उपस्वर एकामागून एक उजळत जातात. सॉ लहर घे, रेझोनन्स बराच वर ने, आणि कटऑफला संथ एन्व्हलपनं वरून खाली सरकव. तो ज्या ज्या उपस्वरावरून जाईल तो क्षणभर गातो. हुबेहूब तंबोरा होणार नाही, पण हे ऐकून जमिनीवर मांडी घालून बसावंसं वाटेल. तिसरा, ढोल. साइन लहर, ६०-७० हर्ट्झच्या आसपास, पट्टी दाबल्याबरोबर स्वर झटकन खाली येईल असा एन्व्हलप. टिपरूच्या आघातासाठी वर नॉइजचा एक ठिपका. ८०८ चा किक याच तत्त्वावर आहे. नाशिक ढोलाचा ताफा मात्र यातून निघत नाही, पन्नास माणसांचे पन्नास हात थोडे थोडे मागेपुढे पडतात त्यातच ती मजा असते. तिथे रेकॉर्डिंगच वापर.

विषय निघालाच आहे तर डीजेबद्दल. नाशिकच्या वाकडी बारवपासून मिरवणूक निघाली की स्पीकरच्या भिंतीपुढे माझीही छाती धडधडते आणि मी गल्ली बदलतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलचा नियम आहे, तो तिथे कोण बघतो? पण त्या रिमिक्स करणाऱ्या पोरांना कमी लेखू नकोस. एफएल स्टुडिओ, ज्याला सगळे अजून फ्रूटीच म्हणतात, त्यात बसून ही मुलं संबळ-हलगीचे लूप कापतात, बेसला जागा करून देतात, फिल्टर हळूहळू उघडत नेऊन गर्दीला नेमक्या मात्रेवर उचलतात. कान तयार असल्याशिवाय हे होत नाही. तुझ्या वर्गात असा एखादा असेल तर त्याच्याशी मैत्री कर, मिक्सिंग माझ्यापेक्षा तो चांगलं शिकवेल. गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाला जाऊन इलेक्ट्रॉनिक कलाकार ऐकायला हरकत नाही, पण तिथे हात दिसत नाहीत, दिवे दिसतात.

महिन्या-दोन महिन्यांनीही खूळ टिकलं तर यंत्र. मॉडेलपेक्षा गुण बघ: मोनो, प्रत्येक कामाला वेगळा नॉब, ग्लाइड, मिडी इन आणि शक्य असेल तर मायक्रोट्यूनिंग. कॉर्गच्या मोनोलॉगमध्ये हे बहुतेक सगळं आहे, त्याच्या मायक्रोट्यूनिंगवर तर ॲफेक्स ट्विन या संगीतकारानं कंपनीबरोबर काम केलं होतं. पट्ट्या २५ च आणि बारीक, बेंडला चाकाऐवजी तिरकी सरकपट्टी, एवढी कुरबूर. बेहरिंगरचा मॉडेल डी म्हणजे मिनिमूगची नक्कल, आवाज दमदार. त्याला पट्ट्या नाहीत, पण तुझा मिडी कीबोर्ड असेलच. व्होल्का मालिका खिशाला परवडते, पण तिच्यावर हात चालत नाही. मायक्रोफ्रीक हुशार यंत्र आहे, फक्त त्याच्या पट्ट्या सपाट, नुसत्या स्पर्शावर चालणाऱ्या आहेत, हार्मोनियमच्या बोटांना त्या परक्या वाटतात. किमती लिहीत नाही, दर महिन्याला हलतात.

जुना मिळाला तर जरूर बघ. सीझन संपला की ऑर्केस्ट्रावाले सामान बदलतात. बघायला जाताना स्वतःचा हेडफोन ने. प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाब. काही पट्ट्या हळू दाबल्यावर गप्प राहत असतील तर आत रबराच्या कॉन्टॅक्टवर धूळ किंवा बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर हे हमखास होतं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं की बहुधा सुटतं, त्यासाठी किंमत पाडून माग. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर तेही दुरुस्त होतं. पण बेंडचं चाक सोडल्यावर स्वर मधोमध परत येत नसेल तर थांब. कधी ते आतून कॅलिब्रेट करून भागतं, कधी पार्ट बदलावा लागतो, आणि जुन्या मॉडेलचा पार्ट मिळेपर्यंत तुझी मींड बेसूरच राहील. बंद करून चालू केल्यावर सेव्ह केलेले आवाज उडाले तर आतली बॅटरी गेली आहे. बहुतेकदा ते साधं नाणं-सेल असतं, पण काहींमध्ये सोल्डर केलेलं, ते घरी उचकटू नकोस.

भजनाचं राहिलं. घरच्यांना सांग, भजनाला पेटीच चांगली. मंडपात पेटीला लाइट लागत नाही. तिथे कधी सिंथ नेलाच तर मिक्सरला जोडल्यावर हम, म्हणजे सततची घरघर, येऊ शकते, लॅपटॉप चार्जरवर असेल तर बहुधा येतेच. चार्जर काढून बघ. हम गेला तर दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे, मध्ये डीआय बॉक्स (सिंथ आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची छोटी डबी) लाव आणि त्याचा ग्राउंड लिफ्टचा खटका टाक. मंडपवाल्याच्या अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नकोस, कोणी कितीही शहाणपणानं सुचवलं तरी.

शेवटचं, अडॅप्टर. घरात पडलेला कुठलाही नऊ व्होल्टचा खुपसायचा नाही. काही कंपन्यांच्या पिनमध्ये प्लस आत असतो, काहींमध्ये बाहेर, आणि उलटा लागला तर एखाद्या क्षणात बोर्ड जाऊ शकतो. यंत्राच्या मागे गोल चिन्हाशी प्लस-मायनस छापलेलं असतं. मॉडेल ठरलं की त्या भागाचा फोटो पाठव, कुठला अडॅप्टर लागेल ते मी सांगतो.